स्लोपला मराठीत काय म्हणायचं? आधी सांगा, चालतंय कोण

दहावीचं गणित भाग २ उघडा. निर्देशक भूमितीच्या धड्यात ‘स्लोप’साठी शब्द आहे ‘चढ’. रेषेचा चढ. आता भूगोलाचं पुस्तक घ्या. तिथे तोच ‘स्लोप’ म्हणजे ‘उतार’: मंद उतार, तीव्र उतार. मग विज्ञानात साध्या यंत्रांचा धडा काढा. ट्रकला टेकवलेल्या फळीवरून जड पिंप वर ढकलायचं असतं, आणि त्या फळीला म्हणायचं ‘उतरण’.

इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘स्लोप’वर भागतं. मराठीत तीन शब्द, आणि त्यातले दोन एकमेकांच्या बरोबर उलटे. वणीसारख्या गावात मराठी माध्यमातून दहावी करून अकरावीला सायन्स घेतलं की पोरं हे सगळं सोडून ‘स्लोप’ म्हणायला लागतात. त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण सोबत एक निष्कर्षही निघतो: मराठीत यासाठी धड शब्दच नाही. माझं भांडण या निष्कर्षाशी आहे. शब्द भरपूर आहेत. फक्त प्रत्येक शब्द एक प्रश्न विचारतो, आणि आपले भाषांतरकार तो ऐकत नाहीत.

प्रश्न साधा आहे: चालतंय कोण, आणि कुठून कुठे?

‘स्लोप’ हे नुसतं तिरकं असणं. त्यावर कुणी उभं नसलं तरी चालतं. ‘चढ’ आणि ‘उतार’ मात्र चढणे-उतरणे या क्रियापदांतून आलेत. म्हणजे शब्दात कुणाचे तरी पाय आहेत. वणी परिसरातल्या वेकोलिच्या ओपनकास्ट खाणींचंच बघा ना, उकणी किंवा निलजई. खाणीच्या तळातून वर येणारा डंपरचा रस्ता एकच. नियमाच्या भाषेत त्याचं माप साधारण ‘१६ ला १’: सोळा फूट पुढे, तेव्हा एक फूट वर. या मापाला दिशा नाही. ड्रायव्हरला आहे. कोळसा भरून वर येताना तोच रस्ता त्याच्यासाठी चढाव, रिकामा खाली जाताना उतार. वर येताना इंजिनावर जोर, खाली जाताना ब्रेकवर.

ही अडचण एकट्या मराठीची नाही. हंगेरियनमध्येही उताराला ‘लेयतो’ आणि चढाला ‘एमेलकेदो’ असे वेगळे शब्द आहेत, आणि दोन्ही तिथल्या क्रियापदांतूनच आलेत. पण गणितात रेषेसाठी शब्द ठरवताना हंगेरियनने दोन्ही बाजूला ठेवले आणि ‘मेरेदेकशेग’ घेतला. म्हणजे खडेपणा. चालणाराच काढून टाकला. आपल्यालाही तसं करता आलं असतं. आपल्याकडे ‘कल’ आहे. निकालाच्या दिवशी टीव्हीवर सुरुवातीचे कल दाखवतात, तोच. त्याला वर-खालीशी देणंघेणं नाही, फक्त झुकणं आहे.

मग आपली निवड चुकली का? विषयागणिक उत्तर वेगळं आहे.

भूगोलातला ‘उतार’ बरोबर आहे, कारण तिथे पाणी चालतं. कपाशीच्या शेतात उताराला आडवी पेरणी करा म्हणतात, तेव्हा कुणी ‘चढाला आडवी’ म्हणत नाही. माती कुठल्या बाजूने वाहून जाईल हा तिथला प्रश्न आहे, आणि पाणी कधी चढत नाही.

गणितातला ‘चढ’ही मला मान्य आहे, पण एका अटीवर. तिथे डोळा चालतो, डावीकडून उजवीकडे, आपण वाचतो तसा. डोळा वर गेला तर चढ धन, खाली आला तर ऋण, सपाट गेला तर शून्य. रेषा भिंतीसारखी उभी असेल तर पुढे जाताच येत नाही, म्हणून चढ ठरवता येत नाही. ‘ऋण चढ’ ऐकून हसू येतं, कारण आपल्या भाषेत ऋण चढाला सरळ ‘उतार’ म्हणतात. पण शिक्षकाने एकदा म्हटलं, ‘डावीकडून चालत ये आणि सांग, दम लागतोय की पाय घसरतोय?’, तर हाच शब्द व्याख्येचं अर्धं काम करतो. ते वाक्य नसेल तर ‘चढ’ हा पाठ करायचा आणखी एक शब्द होतो.

‘उतरण’ मात्र चुकलीच. चालणारं आहे पिंप, आणि ते चढतंय. यंत्राचा उपयोगच वजन वर न्यायला आहे. तिथे शब्द मुलाला खाली बघायला लावतो आणि चित्र वर.

चालणारा हरवला की काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण ‘घाट’. सह्याद्रीतली चढण-उतरणीची वाट म्हणजे घाट. वाट होती, पहाड नव्हता. इंग्रजीने वाटेचं नाव अख्ख्या रांगेला दिलं, ‘वेस्टर्न घाट्स’. ते परत आपल्याकडे ‘पश्चिम घाट’ होऊन आलं आणि २०१२ साली त्याच नावाने जागतिक वारसा यादीत बसलं. वणीकडे घाट म्हणजे पहिल्यांदा आठवतो रेतीघाट. तोही नदीत उतरायच्या जागेचाच घाट आहे. मूळ अर्थाशी आमचा रेतीघाट पश्चिम घाटापेक्षा जास्त इमानदार आहे.

पुस्तकातले शब्द एकवेळ निभावून नेता येतात. कवितेत लपायला जागा नसते. माया अँजेलूची ‘स्टिल आय राइज’ (१९७८) मराठीत आणायची तर पहिल्याच क्रियापदाशी थांबावं लागतं. त्या कवितेत धूळ, सूर्य-चंद्र, समुद्राची भरती, हवा आणि ती काळी बाई, सगळ्यांना एकच ‘राइज’ पुरतं. मराठीत सूर्य उगवतो, भरती येते, धूळ उडते, हवा वर जाते. प्रत्येकाला त्याचं क्रियापद दिलं तर मराठी गोड होते, पण कविता मरते. तिचा सगळा जोर एकच शब्द पुन्हा पुन्हा आपटण्यात आहे.

‘मी वर येते’ म्हटलं तर ती विहिरीत पडली होती असं वाटतं. ‘मी उभी राहते’ म्हटलं तर निवडणूक आठवते. ‘मी झेपावते’मध्ये कवयित्रीपेक्षा भाषांतरकारच जास्त दिसतो. माझं मत ‘उठते’ला. सकाळी झोपेतून उठण्याचा अर्थ त्याला चिकटलेला आहे, हे खरं. पण धूळ उठते, लाट उठते, आवाज उठतो, पडलेलं माणूस उठतं. १८५७चा उठाव याच क्रियापदातून येतो. एक सूर्य सोडला तर सगळे या शब्दात बसतात, आणि सूर्यासाठी एका ओळीत वाकडं जावं लागलं तरी चालेल. शिवाय ‘उठते’ म्हटल्याबरोबर बोलणारी बाई आहे हे क्रियापदातच कळतं. इंग्रजीच्या ‘आय’मध्ये ते नाही. भाषांतरात काय हरवतं याची यादी आपण नेहमी करतो. इथे एक गोष्ट जास्तीची मिळते.

तेव्हा पुढच्या वेळी ‘स्लोप’ किंवा ‘राइज’ समोर आला की लगेच कोश उघडू नका. आधी त्या वाक्यात जाऊन बघा: तिथे पाणी आहे, डोळा आहे, भरलेला डंपर आहे की पाडलेली बाई आहे? तो चालणारा सापडला तर शब्द बहुतेक घरातच असतो. आणि पाठ्यपुस्तकाची पुढची आवृत्ती करणाऱ्यांना एवढंच म्हणणं आहे: ‘चढ’ ठेवा, पण त्या रेषेवर एक चालणारा मुलगा काढून ठेवा. आणि पिंपाखालच्या त्या फळीचं नाव बदला.