अस्वल, मांजर आणि मधले दोन सेकंद

‘ड्रुइड आहेस ना? मग हील करशील?’

हा प्रश्न मला किती वेळा विचारला गेलाय, याची मोजदाद मी सोडून दिली आहे. खरं तर तो प्रश्न नसतोच. लग्नघरात ‘तू जरा सगळ्यांना पाणी देतेस का?’ असं विचारतात, तसा तो असतो. उत्तर आधीच ठरलेलं असतं.

ब्लिझर्डने ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नोव्हेंबर २००४मध्ये आणला तेव्हा मी दुसरीत होते. मी खेळले ते ‘क्लासिक’, म्हणजे तोच जुना खेळ जवळपास जुन्याच नियमांसह ऑगस्ट २०१९मध्ये पुन्हा सुरू झाला तो. इंजिनिअरिंग संपवून पहिली नोकरी लागली ते माझं वर्ष. पुण्यातल्या फ्लॅटवर चौघींत वाटून घेतलेलं वायफाय, युरोपातला सर्व्हर, दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास पिंग. नऊ क्लासेसपैकी मी ड्रुइड निवडला, कारण तो रूप बदलतो. अस्वल होऊन मार खातो, मांजर होऊन ओरबाडतो, सील होऊन पाण्यात पोहतो, चित्ता होऊन पळतो आणि स्वतःच्या रूपात असताना जखमा भरतो. बावीस वर्षांच्या मुलीला, जिला जावा येतं, थोडं पायथन येतं, थोडं फ्रंटएंडही जमतं, तिला हा क्लास आपला वाटला यात नवल नाही.

आपल्याकडे अशा माणसासाठी एक म्हण तयारच आहे : एक ना धड, भाराभर चिंध्या. ड्रुइडबद्दल जगभरचे खेळाडू हेच म्हणतात, फक्त आपापल्या भाषेत. हा आरोप कितपत खरा आहे, आणि खरा असेल तर दोष कुणाचा, रूप बदलणाऱ्याचा की त्याला मोजणाऱ्याचा, एवढंच मला इथे तपासायचं आहे. कादंबरी वाचताना आपण वाक्यं वाचतो. खेळ वाचायचा तर त्याचे नियम वाचावे लागतात.

पहिला नियम : हे सोंग नव्हे. गावात बहुरूपी पोलीस होऊन येतो तेव्हा तो पोलीस नाही हे आपल्याला माहीत असतं, आणि सगळी गंमत त्या माहीत असण्यातच असते. ड्रुइडचं तसं नाही. तो अस्वल झाला की खेळाच्या दृष्टीने खरोखर जनावर होतो. त्याचं चिलखत वाढतं, हातातलं शस्त्र दिसेनासं होतं, मंत्र म्हणता येत नाहीत. जादूगार एखाद्याला मेंढी करून लढाईतून बाजूला काढू शकतो, पण रूपात असलेल्या ड्रुइडवर ती जादू चालत नाही. पायात अडकवलेले वेल किंवा बर्फ रूप बदलताच गळून पडतात. मात्र याची किंमतही आहे. जनावरांना घाबरवण्याचा हंटरचा मंत्र आणि जनावरांना झोपवण्याचा दुसऱ्या ड्रुइडचा मंत्र आता तुमच्यावर चालतो. माणूस म्हणून असलेल्या भीती जातात, जनावराच्या येतात. रूप बदलणं म्हणजे सुटका नव्हे, धोक्यांची अदलाबदल आहे. हा नियम कुणी लिहिला माहीत नाही, पण लिहिणाऱ्याला रूपांतराची गोष्ट कळलेली होती.

हे सगळं जुळून येतं ते ‘वॉरसाँग गल्च’मध्ये. दहा विरुद्ध दहा खेळाडू. समोरच्याचा झेंडा पळवून आपल्या तळावर आणायचा, असं तीनदा. मांजरीच्या रूपात लपत आत शिरायचं. झेंडा उचलला की लपणं संपलं, कारण लपलात तर झेंडा पडतो. बोगद्यात चित्ता होता येत नाही, ते रूप फक्त उघड्यावर चालतं. म्हणून आत अस्वल होऊन मार सोसत निघायचं, बाहेर आकाश दिसलं की चित्ता व्हायचं आणि मैदान पार करायचं. कुणी पाय जखडले की एक क्षण स्वतःच्या रूपात, पुन्हा चित्ता. प्रत्येक रूपाला जागा आहे, वेळ आहे, कारण आहे. इथे कुणी ‘हील करशील?’ विचारत नाही. उरलेले नऊ जण तुमच्याभोवती पळत असतात. चिंध्यांची गोधडी होते ती इथे.

गोची होते ती रेडमध्ये. चाळीस जण मिळून एका अजस्र शत्रूला पाडतात, तिथे. तिथे ना बोगदा असतो ना मैदान. बहुतेकांना ठरवून दिलेलं एकच काम ठरावीक वेळ अचूक करत राहायचं असतं. असेंब्ली लाइनच ती. अशा ठिकाणी चार कामं येणाऱ्यापेक्षा एकच काम उत्तम येणारा केव्हाही बरा. त्यात तेव्हाच्या क्लासिकमध्ये एका शत्रूवर एका वेळी जास्तीत जास्त सोळा डिबफ राहू शकत होते. चाळीस माणसं, सोळा जागा. मांजरीच्या नखांची जखम म्हणजे एक डिबफ, आणि तिच्यापायी दुसऱ्या कुणाचा महत्त्वाचा डिबफ निघून गेला तर टीमचं नुकसान. त्यामुळे आमच्या गिल्डमध्ये मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं : ओरबाडू नकोस. मग म्हणाले, त्यापेक्षा हीलच कर ना.

माझा आक्षेप हील करण्याला नाही. आक्षेप आहे मोजण्याला. लढाई संपली की मीटर उघडतात. कुणी किती डॅमेज केलं, कुणी किती हील केलं. मग लॉग वेबसाइटवर चढतात आणि प्रत्येकाला टक्केवारीनुसार रंग मिळतो. करड्यापासून सुरुवात, मग हिरवा, निळा, जांभळा, केशरी. आता या क्लासचं एक टॅलेंट बघा. मांजर किंवा अस्वल रूपातला ड्रुइड जवळ असेल तर त्याच्या पाच जणांच्या गटाला जोरदार घाव बसण्याची शक्यता तीन टक्के जास्त मिळते. म्हणजे मी तिथे असल्यामुळे शेजारचे वॉरियर जास्त डॅमेज करतात. पण ते डॅमेज मीटरवर त्यांच्या नावापुढे दिसतं. माझ्या नावापुढे करडा रंग. मी दिलेली मदत दुसऱ्याच्या खात्यात जमा होते, आणि त्याच खात्याकडे बोट दाखवून मला विचारतात, तू नेमकं काय केलंस?

हे वाचताना तुम्हाला ऑफिस आठवलं असेल तर तो योगायोग नाही. मलाही आठवलं होतं. पहिल्या कंपनीतल्या दुसऱ्या अप्रेझलला माझा मॅनेजर शांतपणे म्हणाला, ‘तू सगळीकडे मदत करतेस, पण तुझी डेप्थ दिसत नाही.’ त्या वर्षी मी दोघांच्या रजेत त्यांचे मॉड्यूल सांभाळले होते आणि रात्री दोनला रिलीज परत फिरवलं होतं. त्याची नोंद त्या-त्या मॉड्यूलच्या मालकांच्या नावावर होती. मी काही बोलले नाही. घरी आले आणि लॉग इन केलं.

त्या रात्रीची लढाई मला नीट आठवते. ‘शोलोमान्स’ हे पाच जणांचं डंजन आहे, मेलेल्यांची शाळा. मी हीलर होते. एका गटाशी लढताना आमचा टँक, एक वॉरियर, पडला. शत्रू एकच उरला होता, पण तो थेट आमच्या जादूगाराकडे वळला. आता नियम आठवा. लढाई चालू असताना मेलेल्याला उठवणं या जुन्या खेळात ड्रुइडशिवाय दुसऱ्या क्लासला असं जमत नाही. त्यासाठी पिशवीत एक बी लागतं, आयर्नवुडचं. आणि स्वतःच्या रूपात दोन सेकंद उभं राहून मंत्र म्हणावा लागतो. त्या रूपात तुमच्या अंगावर अस्वलाचं चिलखत नसतं.

मी अस्वल झाले. गुरगुरून त्याला माझ्याकडे वळवलं. दोन-तीन फटके खाल्ले, त्यातून थोडा रेज मिळाला. मग एक रपाटा, त्याने शत्रू चार सेकंद सुन्न होतो. चार सेकंदांत माझा पिंग, रूप सोडणं आणि दोन सेकंदांचा मंत्र बसवायचा होता. बसला. वॉरियर उठला, शत्रूला ओढून घेतलं, मी हीलकडे परतले. चॅटमध्ये कुणीतरी ‘नाइस’ लिहिलं. पुढे निघालो. त्या लढाईच्या मीटरवर माझं हील नेहमीपेक्षा कमी होतं. साहजिक आहे, मी अर्धा वेळ अस्वल होते.

पण मला त्यानंतर त्या दोन सेकंदांचाच विचार पडला. हा क्लास रूपांचा आहे असं आपण म्हणतो. जाहिरातीतही अस्वल आणि मांजरच दिसतात. नियम नीट वाचले तर वेगळं दिसतं. या क्लासचं सगळ्यात दुर्मीळ काम, दुसऱ्याला उठवणं, एकही रूप न घेता करावं लागतं. मांजर होऊन खेळणारे मुरलेले ड्रुइडही हेच जाणतात. एनर्जी संपली की ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मांजर सोडतात आणि पुन्हा मांजर होतात. एका टॅलेंटने चाळीस आणि ‘वुल्फ्सहेड हेल्म’ने वीस अशी साठ एनर्जी लगेच मिळते. किंमत मोजावी लागते मानाने, आणि माना हे स्वतःच्या रूपाचं इंधन आहे. म्हणजे जनावराची ताकदसुद्धा माणसाच्या खात्यातून खर्च होते. ड्रुइडचं कौशल्य कुठल्या एका रूपात नाही. कधी रूप सोडायचं, हे कळण्यात आहे. मीटर नेमकं तेवढंच मोजू शकत नाही.

ब्लिझर्डनेही पुढे या प्रश्नाचं उत्तर शोधलं, पण मला ते पटत नाही. २००७मध्ये हील करणाऱ्यांना झाडाचं रूप मिळालं, २०१०मध्ये ते थोड्या वेळापुरतं उरलं. २०१२मध्ये अस्वल आणि मांजर यांचे वेगळे स्पेक झाले आणि ड्रुइड चार स्पेक असलेला पहिला क्लास ठरला. आता मांजर म्हणजे मांजर, अस्वल म्हणजे अस्वल, दोघांचेही आकडे इतरांच्या तोडीचे. तक्रार मिटली. कुणी ‘तुझी डेप्थ दिसत नाही’ म्हणणार नाही. पण हा तोडगा मीटरची बाजू घेणारा आहे. माणूस मोजता येत नाही म्हणून त्याचे चार तुकडे करून मोजले. रेडमध्ये त्याचा फायदा झाला हे मान्य. पण एकाच लढाईत हीलर, टँक आणि पुन्हा हीलर होण्याची ती धडपड, जी जुन्या खेळात अपघाताने का होईना शक्य होती, तिची गरज त्यामुळे कमी झाली.

जुना खेळ न्याय्य होता असं मी म्हणत नाही. त्याने मला करडा रंगच दिला. पण माझ्या कामाचं नेमकं स्वरूप काय, हे मला अप्रेझलच्या फॉर्मपेक्षा त्याच्या नियमांनी जास्त स्पष्ट सांगितलं. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत ‘तुमचं स्पेशलायझेशन काय?’ असं विचारलं, तेव्हा मी फ्रंटएंड किंवा बॅकएंड म्हटलं नाही. रात्री दोनला परत फिरवलेल्या त्या रिलीजची गोष्ट सांगितली. काय तुटलं, मी कुठलं काम अर्धवट सोडलं, किती मिनिटांत परत आले. नोकरी मिळाली.

गिल्डमध्ये अजून हीलच करते. फक्त रेडला निघण्याआधी एक सवय ठेवली आहे : पिशवी उघडून बिया मोजायच्या.