वाचलेली बातमी : मुंबई दूरदर्शनच्या बातमीपत्राची वाटचाल

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. देशातले हे दुसरे केंद्र. दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ पासून होत होते आणि १९६५ मध्ये तिथे रोजचे कार्यक्रम आणि छोटे बातमीपत्रही सुरू झाले होते. चित्रपटांची राजधानी म्हणवणाऱ्या शहराला घरात चित्र पाहण्यासाठी तेरा वर्षे वाट पाहावी लागली. त्या वेळी हे केंद्र ‘दूरदर्शन’ नावाच्या स्वतंत्र संस्थेचे नव्हतेच. दूरचित्रवाणी हा आकाशवाणीचाच एक विभाग होता. १ एप्रिल १९७६ रोजी ती वेगळी झाली. केवळ प्रशासकीय वाटावा असा हा तपशील मुंबईच्या बातम्यांच्या पुढच्या पन्नास वर्षांचा बराचसा उलगडा करतो. मुंबई दूरदर्शनची बातमी रेडिओच्या घरात जन्मली आणि नाटकवाल्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. ती पाहण्यापेक्षा ऐकण्याची होती. तिचे गुण तिथूनच आले आणि दोषही.

केंद्र सुरू झाले तेव्हा महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात लाखो माणसे खडी फोडण्याच्या आणि बंधाऱ्यांच्या कामांवर होती. वरळीच्या केंद्रातून निघणाऱ्या लहरी मात्र मुंबई आणि तिच्या आसपासचा परिसर एवढ्याच टापूत पोहोचत होत्या. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुणे जोडले गेले, तरी शेतकऱ्यांसाठीचा ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम बरीच वर्षे शेती नसलेल्या माणसांनीच अधिक पाहिला. दादर-गिरगावच्या चाळींत ज्या एखाद्या बिऱ्हाडात संच असे, तिथे संध्याकाळी शेजारपाजार गोळा होई आणि कपाशीवरच्या बोंडअळीचे व्याख्यान निमूटपणे ऐके. त्यानंतर बातम्या असत. त्यामुळे मुंबई दूरदर्शनच्या बातम्यांचा पहिला प्रेक्षक हा प्रामुख्याने शहरी, मराठी वर्तमानपत्र वाचणारा, नाटकाला जाणारा मध्यमवर्ग होता. बातमीची भाषा आणि तिचा सूर त्याच्याच कानाला रुचेल असा घडला.

चित्र मिळवणे हे त्या काळी अवघड आणि खर्चिक काम होते. चित्रीकरण १६ मिलिमीटरच्या फिल्मवर होई. कॅमेरामन कार्यक्रमाला जाऊन एखादे रीळ उतरवून आणी, ते प्रयोगशाळेत धुतले जाई, मग कापून जोडले जाई, आणि हे सगळे संध्याकाळच्या आत उरकावे लागे. दुपारनंतर घडलेल्या घटनेचे चित्र त्याच दिवशी दाखवणे म्हणजे कसरतच. फिल्म बहुधा मूक असे. दृश्य सरकत असताना निवेदकच स्टुडिओतून मजकूर वाची. चित्र नसेल तिथे स्थिर छायाचित्र, नकाशा किंवा हाताने रंगवलेली पाटी. उरलेल्या वेळात पडद्यावर असे तो एक चेहरा, मागे साधा पडदा आणि समोर टेबलावर कागदांची चळत. वृत्तसंस्थांच्या टेलिप्रिंटरवरून येणारा मजकूर इंग्रजीत असे. उपसंपादक त्याचे मराठी करत आणि शेवटच्या बातमीचे पान कित्येकदा निवेदक वाचत असतानाच त्याच्या हाती सरकवले जाई.

अशा बातमीपत्राचा सारा भार वाचणाऱ्यावर पडणे स्वाभाविक होते. मुंबई केंद्राचे पहिले मराठी वृत्तनिवेदक म्हणून डॉ. विश्वास मेहेंदळे यांचे नाव घेतले जाते. त्यांच्यानंतर आलेली नावे पाहिली की केंद्राने माणसे कुठून निवडली ते कळते. भक्ती बर्वे रंगभूमीच्या. ‘ती फुलराणी’मुळे त्या घराघरांत पोहोचल्या, पण बातम्या वाचणारा त्यांचा चेहरा त्याआधीच ओळखीचा झाला होता. अनंत भावे बालकवितेतले मोठे नाव. स्मिता पाटील यांना श्याम बेनेगल यांनी हेरले ते इथल्या बातम्यांतून, आणि १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ व ‘निशांत’ यांतून त्या चित्रपटांत आल्या. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या बातम्या वाचायला बसत, ही आख्यायिका अजून सांगितली जाते. पडद्यावर कमरेच्या वरचाच भाग दिसणार, हे त्या माध्यमाचे व्याकरण त्यांना इतरांआधी कळले होते असे म्हणायला हरकत नाही. स्मिता तळवलकर पुढे निर्मात्या-दिग्दर्शिका झाल्या. प्रदीप भिडे, चारुशीला पटवर्धन, ज्योत्स्ना किरपेकर ही नावे तर दोन पिढ्यांच्या संध्याकाळींशी जोडली गेली आहेत. यांतले बहुतेक जण केंद्राचे नोकरदार नव्हते. ज्या दिवशी पाळी असेल त्या दिवसापुरता करार, बाकी वेळ आपापला उद्योग.

वाचनाच्या या कलेचे तंत्र जवळून पाहण्यासारखे आहे. मजकूर कॅमेऱ्याच्या भिंगासमोर सरकवणारे यंत्र त्या काळात नव्हते. वाचायचे ते कागदावरून. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, म्हणजे वाक्य कुठे वळणार हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. मुरलेला निवेदक वाक्याच्या मध्यावर पुढचे चार-पाच शब्द डोळ्यांनी उचलून ठेवी, मान वर करी आणि क्रियापद प्रेक्षकाकडे पाहून पूर्ण करी. मग क्षणभर थांबून पान बाजूला. नवखा निवेदक नेमका कर्त्यावर मान वर करी आणि क्रियापदासाठी पुन्हा कागदात बुडे. वाक्य मधेच तुटल्यासारखे वाटे. प्रदीप भिडे यांच्या वाचनात हा हिशेब इतका पक्का बसलेला होता की ते वाचत नसून सांगत आहेत असे वाटे. त्यांचा आवाज भरदार होता हे खरे. पण त्यांचे खरे कौशल्य विरामात होते. अपघातातल्या मृतांचा आकडा आणि क्रिकेटची धावसंख्या यांच्या आधीचे थांबणे त्यांच्याकडे वेगवेगळे असे. भक्ती बर्वे यांनी रंगभूमीवरचा आवाज इथे निम्म्यावर आणला, हेही तितकेच अवघड काम.

या पद्धतीने महाराष्ट्राला प्रमाण मराठीचा एक बोली नमुना दिला. आकाशवाणीने तो आधी दिला होता, दूरदर्शनने त्याला चेहरा जोडला. त्याची किंमतही होती. वऱ्हाडी, मालवणी, खानदेशी वळणाचा उच्चार बातमीपत्रात जवळजवळ ऐकूच आला नाही. गावाकडचा माणूस बातमीचा विषय असे, बातमी सांगणारा कधी नसे. शिवाय इंग्रजी मजकुराच्या घाईच्या भाषांतरातून एक जडशीळ सरकारी मराठी तयार झाली. तिच्यात मंत्री साधे बोलत नसत, प्रतिपादन करत. पूल बांधला जात नसे, त्याचे काम हाती घेण्यात येत असल्याचे सांगण्यात येई. चांगल्या निवेदकाच्या तोंडी हे वाक्यही तोलून धरले जाई, म्हणूनच त्याचा पोकळपणा बराच काळ कोणाला खटकला नाही.

आशयाच्या बाबतीत बातमीपत्र सरकारचेच होते, आणि याबद्दल आडपडदा नव्हता. वृत्तविभागातले अधिकारी केंद्र सरकारच्या माहिती सेवेतून येत. कार्यक्रम विभागाची साखळी वेगळी. आणीबाणीत हा लगाम उघड झाला, पण तो आधीही होता आणि नंतरही राहिला. वर्गीज समितीने १९७८ मध्ये स्वायत्ततेची शिफारस केली. प्रसार भारती कायदा १९९० मध्ये मंजूर झाला आणि अमलात यायला १९९७ उजाडले. मधल्या काळात मुंबईच्या बातम्यांची क्रमवारी ठरलेली असे: राज्यपाल किंवा मुख्यमंत्री, मग मंत्री, उद्घाटने, चर्चासत्रे, शेवटी क्रीडा आणि हवामान. १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. वरळीचा मनोरा गिरणगावाच्या अगदी शेजारी उभा आहे. तरी ज्या चौकटीत बातमी म्हणजे कोणीतरी अधिकृतपणे काढलेले निवेदन, त्या चौकटीत संपावरच्या कामगाराच्या घरातली चूल बसण्याजोगी नव्हती. हा दोष एका केंद्राचा नव्हे, साऱ्या व्यवस्थेचा. पण मुंबईत तो अधिक डोळ्यांत भरतो, कारण याच इमारतीत ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘ज्ञानदीप’ यांसारखे कल्पक कार्यक्रम करणारी माणसे शेजारच्या खोल्यांत बसत होती.

१९८२ हे वर्ष आणखी एका कारणाने निर्णायक ठरले. १५ ऑगस्टपासून रंगीत प्रक्षेपण आणि उपग्रहावरून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. रात्रीचा मोक्याचा वेळ दिल्लीकडे गेला आणि स्थानिक केंद्राला संध्याकाळचे काही तास उरले. १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचा सपाटा सुरू झाला तेव्हा तर एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी संच आला, अँटेना उभी राहिली, पण तो छोटा प्रक्षेपक उपग्रहावरून थेट दिल्ली उचलत होता. हिंदी आणि इंग्रजी बातम्या दिसत. मुंबईच्या मराठी बातम्या अनेक ठिकाणी उशिरा पोहोचल्या. राज्याचे म्हणवले जाणारे बातमीपत्र सगळ्या राज्याला दिसू लागले तोवर त्याचे वळण पक्के होऊन गेले होते.

त्याच्या विश्वासार्हतेचा कस १२ मार्च १९९३ रोजी लागला, तोही विलक्षण रीतीने. मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली. आधीच्या डिसेंबर-जानेवारीतल्या दंगलींच्या जखमा ताज्या होत्या. स्फोट हिंदुबहुल भागांतच झाल्याचे लक्षात आल्यावर मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरचित्रवाणीवरून बोलताना मशीद बंदर या मुस्लिमबहुल भागातल्या, प्रत्यक्षात न झालेल्या एका स्फोटाची भर घातली. हे पुढे त्यांनी स्वतःच जाहीरपणे अनेकदा सांगितले आहे. हेतूबद्दल वाद घालता येईल; पण ती थाप त्या रात्री पचली, कारण शहराला ताडून पाहण्यासाठी दुसरा मराठी पडदाच नव्हता आणि या पडद्यावर जे सांगितले जाते ते खरे असते अशी वीस वर्षांची सवय होती. सरकारी बातमीपत्राने कमावलेला विश्वास आणि त्या विश्वासातला धोका एकाच प्रसंगात असे इतके स्पष्ट क्वचितच दिसतात.

१५ ऑगस्ट १९९४ रोजी मराठीसाठी स्वतंत्र उपग्रह वाहिनी सुरू झाली. २००० मध्ये तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. तोवर स्पर्धा दाराशी आली होती. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी सुरू झाली. ई टीव्हीच्या बातम्या हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून वाचल्या जात, तरी जिल्ह्याजिल्ह्यांत बातमीदार नेमून तिने ग्रामीण महाराष्ट्र पडद्यावर आणला. वरळीहून जे पंचवीस वर्षांत साधले नव्हते ते परराज्यातल्या स्टुडिओतून साधले, ही गोष्ट मुंबई केंद्राला अडचणीची आहे. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, २००८ मध्ये आयबीएन लोकमत आले आणि बातमीपत्राची जागा अखंड बातमीने घेतली. ओबी व्हॅन, फोनो, बाईट, स्ट्रिंगर हे शब्द रोजचे झाले. निवेदक गेला, अँकर आला.

या बदलात मिळवलेले पुष्कळ आहे. गावाकडचा उच्चार ऐकू आला, मंत्र्याला उलट प्रश्न विचारला गेला, पुरात अडकलेला माणूस स्वतःच्या तोंडाने बोलला. गमावले ते वाक्य. दिवसभर तीच बातमी ताणायची तर क्रियापदापर्यंत पोहोचण्याची गरज उरत नाही. ‘मोठी बातमी समोर येतेय’ म्हणून थांबता येते. मुंबईवरच्या नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात वाहिन्यांनी सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवल्या. त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात कडक ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल नियमांत बदल होऊन अशा कारवाईच्या वेळी नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरावीक वेळाने दिलेल्या माहितीपुरतेच वार्तांकन मर्यादित करण्यात आले. खासगी वाहिन्यांना कायद्याने तेवढ्यापुरते दूरदर्शनच्या जुन्या रीतीवर परत आणले म्हणायचे.

सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या आजही टिकून आहेत. त्यांत आरडाओरडा नसतो, बातमी एकदाच सांगितली जाते, आणि विधिमंडळाचे कामकाज, पीकविमा, धरणातला पाणीसाठा यांना खासगी वाहिन्यांपेक्षा अधिक जागा मिळते. पण उद्घाटनांचा क्रमही तसाच आहे आणि सरकारविरोधी बाजू येते ती एका वाक्यात, चित्राविना. पूर्वी हा तोटा निवेदकाच्या कलेने झाकला जाई. प्रदीप भिडे २०२२ मध्ये आणि विश्वास मेहेंदळे २०२३ मध्ये गेले. आता मजकूर भिंगासमोर सरकतो, मान वर-खाली होत नाही, उच्चार स्वच्छ असतात. विराम मात्र यंत्राच्या गतीचा असतो.

या कलेची समीक्षाही झालेली नाही. मराठी वर्तमानपत्रांनी मालिकांवर स्तंभ चालवले, नाटकांची परीक्षणे छापली. बातमीपत्राकडे कला म्हणून पाहिले गेले नाही. निवेदकांवरचे लेखन मुख्यतः त्यांच्या निधनानंतरचे आहे. मूळ सामग्रीही तुटपुंजी उरली. बातम्या थेट वाचल्या जात, टेप महाग असे, आणि झालेल्या मुद्रणावर पुन्हा मुद्रण करण्याची रीत होती. नाटके, मुलाखती, गाण्यांचे कार्यक्रम काही प्रमाणात जपले गेले आणि आता यूट्यूबवर पाहता येतात. दुसऱ्या दिवशी शिळी होणारी गोष्ट जपण्याजोगी कोणालाच वाटली नाही. त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या मराठी बातमीपत्राचा अभ्यास करू पाहणाऱ्याला आज सहकाऱ्यांच्या आठवणी, छायाचित्रे आणि वर्तमानपत्रांत रोज छापून येणारी कार्यक्रमपत्रिका यांवरच काम भागवावे लागते.