किर्लोस्करवाडीचा छापखाना आणि आपण

शंकरराव किर्लोस्करांचं कौतुक करणाऱ्यांना मराठीत तोटा नाही. मासिकांचा इतिहास लिहायला बसलेला जो तो त्यांच्यापाशी थांबतो, हात जोडतो आणि पुढं जातो. आपण हात जोडायच्या आधी जरा हिशेब बघू. कागद कुणी पुरवला, छापायला पैसा कुठनं आला, अंक कुणासाठी निघाला, हा हिशेब. आपल्याकडं साहित्याची समीक्षा करणारे या हिशेबाला हात लावत नाहीत. त्यांना ते हलकं काम वाटतं.

शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि. जन्म १८९१, मृत्यू १९७५. चित्रकार माणूस. चुलते लक्ष्मणराव यांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळरानावर लोखंडी नांगराचा कारखाना काढला. तिथंच किर्लोस्करवाडी वसली. आज तो भाग सांगली जिल्ह्यात येतो. १९२०च्या जानेवारीत या वाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघालं. पुढं 'खबर' गळालं, नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. १९३० ला 'स्त्री', १९३४ ला 'मनोहर'. पुणं नाही, मुंबई नाही, माळावरच्या एका वाडीतून तीन-तीन मासिकं चालवली. बुवाबाजीवर कोरडे ओढले, बाईच्या शिक्षणाची आणि लग्नाची बाजू मांडली, सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध छापले. ही साधी गोष्ट नाही. ती कबूल न करणारा टीकाकार लबाड म्हणावा.

पण 'खबर' जन्मली कशासाठी? कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत न्यायला. म्हणजे मासिकाच्या पाठीशी पहिल्या दिवसापासून कारखाना उभा होता. कारखान्याचं नाव, कारखान्याचं गिऱ्हाईक, कारखान्याची पत. सनातनी वाचक रुसला तरी संपादकाच्या घरची चूल विझणार नव्हती. शंवाकिंच्या धाडसाला या भिंतीचा टेकू होता. १९७४ साली त्यांचं 'शंवाकीय' हे आत्मचरित्र आलं. अशी पुस्तकं आपण एका माणसाच्या जिद्दीची गोष्ट म्हणून वाचतो, तिथंच आपली वाचायची रीत अपुरी पडते. गिरणीत साच्यावर उभं राहणाऱ्याला हे निराळं सांगावं लागत नाही. कापडावर छाप मालकाचा बसतो. तुटलेला धागा जोडणारा दुसराच असतो.

आता त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट बघा. ३१ जानेवारी १९२०, 'मूकनायक'चा पहिला अंक. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून तो निघू शकला. 'केसरी'नं पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला नकार दिला. एकीकडं जाहिरातीतून जन्मलेलं मासिक, दुसरीकडं विकतची जाहिरातही न मिळालेलं पाक्षिक. भटकर झाले, घोलप झाले, संपादक बदलले. बाबासाहेब जुलैत लंडनला शिकायला गेले. १९२३ ला 'मूकनायक' थांबला. विचार कमी पडला म्हणून थांबला का? ज्या लोकांसाठी तो निघाला त्यांच्या गाठीला पैसा नव्हता आणि हातात अक्षरओळख नव्हती.

वाचकाचा प्रश्न याच्यापुढचा. नांगर विकत घेणारा तोच 'खबर'चा पहिला वाचक. ज्याला जमीन आहे, बैल आहेत, ऐपत आहे असा. ज्याला जमीनच नाही तो गिऱ्हाईक होत नाही, आणि गिऱ्हाईक नाही तो वाचक म्हणून डोळ्यांपुढं येत नाही. मग सुधारणा सुरू होते ती माजघरापासून, देवघरापासून. महारवाड्याची वाट लांब राहते.

पुणे-मिरज रेल्वेवर किर्लोस्करवाडी स्टेशन आहे. त्याच मार्गावर साताऱ्याकडं मसूर स्टेशन आहे. १९०१ साली साताऱ्यात शिकणारा भीमा भावंडांसोबत वडिलांना भेटायला निघाला आणि मसूरला उतरला. पोरं महाराची म्हटल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. एकही गाडीवान त्यांना बसवून गाडी हाकायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर तोडगा निघाला: गाडी पोरांनी हाकायची, गाडीवानानं बाजूनं चालायचं. इथं ध्यानात घ्या, स्टेशनमास्तर शिकलेला होता. फार वाईट माणूसही नव्हता, तोडगा त्यानंच काढला. त्याला विज्ञाननिष्ठ निबंध वाचायला दिला असता तर काय फरक पडला असता? जात म्हणजे नुसतं अज्ञान असेल तर मासिकानं ती जाईल. पण जात ही गाडीच्या भाड्यात आहे, पाणवठ्यावर आहे, सातबाऱ्यावर आहे. 'किर्लोस्कर'ची सुधारणा अज्ञानाशी लढली. भाड्याशी, पाण्याशी, सातबाऱ्याशी लढायचं काम तिच्या वाचकाच्या मुळावर आलं असतं. माझा आक्षेप हा आहे.

१९३० ला 'स्त्री' निघालं, त्याच साली २४ नोव्हेंबरला 'जनता' निघालं. बाबासाहेबांच्या पत्रांत सगळ्यात जास्त टिकलं ते हेच. १९५६च्या फेब्रुवारीत त्याचं नाव 'प्रबुद्ध भारत' झालं. 'जनता' टिकलं कारण तोवर मागं चळवळ उभी होती आणि भारत भूषण हा आपला छापखाना होता. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरच्या आंबेडकर भवनावर बुलडोझर चालला, त्यात बुद्धभूषण छापखानाही गेला. पाडणाऱ्यांना छापखान्याची किंमत ठाऊक होती का, माहीत नाही. आपल्याला तरी असायला पाहिजे.

दोस्तांनो, शंवाकिंकडनं घेण्यासारखं आहे ते जरूर घ्या: अंक तारखेला काढणं, वर्गणीदाराची वही नीट ठेवणं, चित्रानं मजकूर उठावदार करणं. आपल्या अंकात आग असते आणि दुसऱ्या अंकाला कागद नसतो. आपण संपादकाच्या लेखणीवर पानं भरतो. स्टेन्सिल कापणारा, रोलर फिरवणारा, घड्या घालून पोस्टात टाकणारा, पगारातनं वर्गणी काढून देणारा यांच्यावर एक ओळ नाही. आपली समीक्षा त्यांच्यापासून सुरू व्हावी.

हा अंक वाचून झाला की वस्तीतल्या पाच जणांना वाचून दाखवा. वाचता न येणाऱ्यांना आधी.

जय भीम.