राजाश्रय आणि लोकशिक्षणाचे पत्र : ‘मूकनायक’च्या अर्थसाहाय्याची चिकित्सा

प्रस्तावना :
शिक्षण व व्यवसाय-प्रशिक्षण यांविषयीचे गंभीर वृत्तांकन केवळ विक्री व जाहिरातींच्या बळावर तगत नाही, त्यास दात्यांचा आधार लागतो, असे मत अलीकडे जगभर मांडले जाते. अमेरिकेत २०१० मध्ये सुरू झालेला ‘हेचिंजर रिपोर्ट’ हा शिक्षणविषयक पत्रकारितेचा उपक्रम प्रतिष्ठानांच्या देणग्यांवर उभा राहिला. भारतातही स्वतंत्र पत्रकारितेस अर्थसाहाय्य करणारे प्रतिष्ठान २०१५ मध्ये बंगळूर येथे स्थापन झाले. कोल्हापूरला मात्र हा प्रश्न नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ या पाक्षिकास १९२० मध्ये २,५०० रुपयांचे साहाय्य केले. या घटनेकडे बहुधा कृतज्ञतेच्या दृष्टीने पाहिले जाते. प्रस्तुत लेखात तिचा विचार वृत्तपत्राच्या अर्थकारणाच्या अंगाने केला आहे.

साहाय्याची पार्श्वभूमी :
शाहू महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची योजना अमलात आणली आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद केली. १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून तलाठ्यांची नेमणूक सुरू केली व १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करण्याचा हुकूम काढला. शाळा, वसतिगृह आणि नोकरी अशी ही साखळी होती. परंतु हुकूम निघाला म्हणजे तो ज्याच्यासाठी निघाला त्याच्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. सवलतीची माहिती देणारे आणि ती नाकारली गेल्यास जाब विचारणारे पत्र या साखळीत नव्हते.

प्रस्थापित वृत्तपत्रांकडून ही उणीव भरून निघण्याची शक्यता नव्हती. पैसे मोजण्याची तयारी असूनही ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या पहिल्या अंकातच, बहुतेक वृत्तपत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी आहेत, हा आक्षेप संपादकीयात नोंदविला गेला.

वर्गणीदार आणि दाता :
‘मूकनायक’ची वार्षिक वर्गणी अडीच रुपये होती. या हिशेबाने २,५०० रुपये म्हणजे एक हजार वर्गणीदारांची एका वर्षाची रक्कम होय. हे गणित साधे असले तरी अर्थपूर्ण आहे. ज्या समाजासाठी पत्र निघाले त्या समाजात एक हजार साक्षर आणि वर्गणी भरू शकणारी माणसे सहज मिळणे कठीण होते, कारण शिक्षणाचा हक्कच त्यास पिढ्यान्‌पिढ्या नाकारला गेला होता. १९१७ नंतर शाळेत गेलेले मूल वर्गणीदार होण्यास दहा-पंधरा वर्षे लागणार होती. दात्याने भरून काढावयाचे होते ते हे मधले अंतर. साहाय्य मात्र आरंभीच्या भांडवलाच्या स्वरूपाचे होते. पत्र सुरू करण्यास ते पुरले, वाचक तयार होईपर्यंत पत्र जगविण्यास पुरले नाही. जुलै १९२० मध्ये डॉ. आंबेडकर अभ्यासासाठी लंडनला गेले, ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले आणि १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडले. या अखेरीस व्यवस्थापनातील अडचणीही कारण होत्या. तरीही एका व्यक्तीच्या औदार्यावर उभ्या राहिलेल्या पत्राची नाजूक अवस्था त्यातून स्पष्ट होते.

स्वायत्ततेचा प्रश्न :
दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. २१ व २२ मार्च १९२० रोजी कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते आणि शाहू महाराजही तेथे उपस्थित राहिले. महाराजांचा जन्मदिवस सणाप्रमाणे साजरा करावा, असा ठराव परिषदेने केला. दाता, पत्राचा प्रवर्तक आणि बातमीचा विषय येथे एकाच व्यासपीठावर होते. यावरून पत्र मिंधे होते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल, कारण दोघांचे उद्दिष्ट एक होते. पण उद्दिष्ट एक असते तेव्हाच चिकित्सा सर्वांत कठीण होते. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा उत्तम असला, तरी एखाद्या गावच्या शाळेत मास्तर अस्पृश्य मुलास दाराबाहेर बसवीत असेल, तर ते छापणे हीच त्या कायद्याची खरी सेवा होय. दात्याच्या राज्यातील अशी उणीव दात्याच्या पैशावर चालणाऱ्या पत्राने दाखवावी, अशी व्यवस्था केवळ परस्परांच्या मोठेपणावर सोपविता येत नाही.

३ एप्रिल १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. या वेळी पाठीशी राजाश्रय नव्हता. अंकातील मजकुराचा मोठा भार त्यांनी एकट्याने वाहिला आणि तेही पत्र १९२९ मध्ये थांबले. राजाश्रयाने सातत्य मिळाले नाही आणि केवळ स्वावलंबनानेही ते मिळाले नाही. म्हणून यापैकी एका मार्गाचा गौरव करून दुसऱ्यास कमी लेखणे योग्य नाही.

निष्कर्ष :
या अनुभवातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. शिक्षणविषयक पत्रास दिलेले साहाय्य वाचक घडण्याच्या कालावधीइतके दीर्घ असावे. ते एकाच दात्यावर अवलंबून नसावे. दात्याचे नाव व रक्कम वाचकांसमोर उघड असावी आणि त्याच्या संस्थांची चिकित्सा करण्याची मुभा आरंभीच लेखी मान्य व्हावी. आज शिक्षणसंस्थांच्या जाहिरातींवर पोसल्या जाणाऱ्या पुरवण्यांत प्रवेश आणि यशोगाथा यांना भरपूर जागा मिळते. शाळा सोडलेला मुलगा किंवा प्रशिक्षण घेऊनही बेकार राहिलेला तरुण त्यांत क्वचितच दिसतो. त्याच्यासाठी पत्र काढावे आणि ते काढण्यास पैसा द्यावा, हे शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूरने ओळखले होते. तो पैसा टिकाऊ आणि निर्लेप कसा करावा, हा प्रश्न मात्र त्या पिढीने आजच्या पिढीकडे सोपविलेला आहे.