सैनिकाची ढाल

झेनोफनच्या ‘अनॅबॅसिस’ची थोरवी आम्हांस लढायांपेक्षां वाटचालींतच अधिक आढळते. इ. स. पूर्व ४०१ मध्यें परतीस निघालेलें ग्रीक पायदळ आर्मेनियाच्या बर्फांतून चालतें. जो पादत्राणें न काढतां निजे, त्याच्या पायांत वाद्या रुतून गोठत. हें टिपणारी दृष्टि सामान्य नव्हे. परंतु चढणीवर ढाल वाहून थकलेला सोतेरिदस घोड्यावरील झेनोफनला विषमतेबद्दल टोकतो, तेव्हां झेनोफन खालीं उतरून त्याची ढाल घेतो. इतर शिपाई सोतेरिदसालाच मारून ती परत घ्यावयास लावतात. लेखकानें हा प्रसंग स्वतःच्या मोठेपणासाठीं सांगितला असावा. आम्हांस मात्र त्यांत सोतेरिदसाची तक्रारच खरी वाटते. सेनानायकानें ढाल घटकाभर वाहिली. शिपायास ती समुद्रापर्यंत वाहावयाची होती.