चाकावरच्या घराची खिडकी



मागच्या खेपेला याच ठिकाणी आम्ही ज्ञानमीमांसेवर बोललो, तेव्हा शेवटच्या दोन रांगांनी सरळ डोळे मिटले होते. (हशा) त्यामुळं यंदा विषय असा घेतलाय की ज्याला हात लावून बघता येतो. मोटारीच्या मागं जोडून न्यायचं फायबरचं छोटं घर, ज्याला ट्रेलर म्हणतात, आणि त्या घराच्या खिडक्या.

तत्त्वज्ञानाचा म्हातारा मास्तर या भानगडीत कसा पडला, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण आपल्याच तालुक्यातली दोन पोरं. फायबरची दारं आणि टाक्या बनवायचं काम ती करतात. 2021 मध्ये महाराष्ट्र शासनानं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एक गोष्ट आहे. भुदरगड, पाटगाव बघायला येणाऱ्या लोकांसाठी तेरा फुटी फायबरचा ट्रेलर इथंच गारगोटीत बनवायचा. एके दिवशी चित्र घेऊन घरी आली. म्हणाली, "सर, कसं वाटतंय बघा." आम्ही बघितलं. चित्र देखणं होतं, पण चारी बाजूंनी काचाच काचा. पुढच्या तोंडाला तर दुकानाला असते तशी एक सबंध काच. आम्ही विचारलं, "बाबांनो, एवढ्या खिडक्या कशाला?" म्हणाली, "सर, फोटोत चांगलं दिसतं."

आजचं भाषण म्हणजे त्या चित्रावरची आमची टीका आहे. पोरं समोरच बसली आहेत. त्यांची परवानगी घेतलेली आहे.

आधी या वस्तूचा थोडा इतिहास. कॅनडातल्या विनिपेग शहरात 1968 साली रे ओलेको नावाच्या माणसानं फायबरचा तेरा फुटी ट्रेलर काढला. त्याचं नाव बोलर. इंग्रज साहेब डोक्यावर गोल टोपी घालायचे, तिच्यावरून ते नाव पडलं. आता गंमत ऐका. ओलेको त्याआधी फायबरच्या सेप्टिक टँकवर काम करत होता. म्हणजे ज्या युक्तीनं मैल्याची टाकी गळत नाही, त्याच युक्तीनं घर गळणार नाही, असा हा विचार. साच्यातून दोन अर्धी काढायची, एक खालचं आणि एक वरचं, आणि मध्यावर जोडायची. झालं घर. त्या काळचे नेहमीचे ट्रेलर लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून केलेले असत. सांध्यातून पाणी शिरायचं आणि आत लाकूड कुजायचं. फायबरच्या अंड्यात मध्यावरचा तो एक जोड सोडला तर सांधाच नाही, मग पाणी शिरणार कुठून?

उत्तर असं, की खिडकीतून शिरणार. या वस्तूचा सगळा गुण तिच्या अखंडपणात आहे आणि खिडकी म्हणजे त्या अखंडपणाला पाडलेलं भोक. चौकोनी भोकाचा कोपरा टोकदार ठेवला, तर रस्त्याच्या हादऱ्यांनी तिथूनच तडा जातो. म्हणून कोपरे गोल हवेत. भिंत फुगीर आणि काच सपाट, म्हणून खिडकीभोवतीची जागा साच्यातच सपाट काढून घ्यावी लागते. नंतर ठोकून-दाबून ते जमत नाही. बाहेरची चौकट आणि आतली कडी यांच्यामध्ये भिंत चिमटीत धरायची आणि मध्ये चिकट रबराची पट्टी घालायची. ती पट्टी काही वर्षांनी वाळते. थोडक्यात, प्रत्येक खिडकी हे पुढच्या गळतीला दिलेलं आमंत्रण आहे. म्हणून 'फोटोत चांगलं दिसतं' हे कारण पुरत नाही. प्रत्येक भोकानं आपलं काम सांगितलं पाहिजे.

मग खिडकीचं काम काय? इथं आपली भाषा मदतीला येते. एका वस्तूला आपल्याकडं तीन शब्द आहेत. एक गवाक्ष. त्यात 'अक्ष' म्हणजे डोळा आहे, म्हणजे बघण्याची जागा. दुसरा वातायन. वाऱ्याचं अयन, वाऱ्याची वाट. आणि तिसरा आपला रोजचा, खिडकी. जुन्या वापरात खिडकी म्हणजे मागचं छोटं दार, वेळप्रसंगी निसटायची वाट, असाही अर्थ आहे. डोळा, वारा आणि सुटका. उजेड या तिन्हींबरोबर येतोच. पोरांच्या चित्रातल्या सगळ्या खिडक्या गवाक्षं होती. वातायन एकही धड नव्हतं आणि खिडकी तर नव्हतीच.

वाऱ्याचं बघू. दोन वर्षांमागं आम्ही आणि आमच्या मंडळी मुलीकडं कॅनडात गेलो होतो, तेव्हा अशाच एका जुन्या फायबरच्या ट्रेलरमध्ये चार रात्री काढल्या. पहिल्या रात्री पाऊस. सरकत्या काचा बंद करून झोपलो. सकाळी उठलो तर उशाची भिंत ओली, काचेवरून ओघळ, गादीची कड भिजलेली. मंडळी म्हणाल्या, "छत गळतंय." छत गळत नव्हतं. ते पाणी आमचंच होतं. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर तरी पाणी बाहेर पडतं. घराच्या माजघरात ते कुठल्या कुठं जातं, पण तेरा फुटी अंड्यात ते थंड काचेवर आणि अॅल्युमिनियमच्या चौकटीवर जमा होतं. पाणी आत येणार नाही अशी तजवीज केली, की आतलं पाणी बाहेरही जात नाही. आमच्या सगळ्या अध्यापनात 'बंद व्यवस्था' या कल्पनेचं इतकं चांगलं उदाहरण आम्हाला सापडलं नव्हतं.

आता पाऊस चालू असताना खिडकी उघडी ठेवायची कशी, हा खरा प्रश्न. तीन तऱ्हा आहेत.

पहिली सरकती काच, आपल्या एस.टी.ला असते तशी. स्वस्त, सोपी, चालत्या गाडीत धोका नाही. पण कितीही सरकवा, अर्धीच उघडणार, आणि त्या अर्ध्यातून पाऊस सरळ आत. खालच्या खोबणीत पाणी जायला भोकं असतात, ती धुळीनं बुजतात आणि खोबण भरून पाणी आत सांडतं.

दुसरी काचेच्या आडव्या पट्ट्यांची, आपल्या न्हाणीघराला असते ती. जुन्या ट्रेलरांत ही पुष्कळ दिसते. जवळपास सगळी उघडते, रिमझिम पावसात उघडी राहू शकते. पण जितक्या पट्ट्या तितक्या फटी. घट्ट मिटत नाही, रस्त्याची धूळ आत येते, आणि चोराला पट्टी काढायला वेळ लागत नाही.

तिसरी वरच्या बाजूला बिजागरी असलेली, खालून बाहेर ढकलायची. युरोपातल्या गाड्यांत हिचा प्रघात आहे. बहुतेक वेळा काचेऐवजी अॅक्रिलिकचे दोन थर आणि मध्ये हवा, त्यामुळं घाम कमी धरतो. तोटेही आहेत. अॅक्रिलिकवर ओरखडे उठतात, थिनरनं पुसलं तर बारीक तडे जातात, आणि उघडी विसरून गाडी हाकली तर झडप वाऱ्यानं उखडते.

आमचं मत तिसरीच्या बाजूनं आहे आणि त्याचं कारण गारगोटीचं आहे. आपल्या जुन्या घरांच्या खिडक्या पावसाळाभर उघड्या कशा राहायच्या? खिडकीमुळं नाही, वळचणीमुळं. छप्पर हातभर पुढं आलेलं, पागोळ्या लांब पडायच्या. ट्रेलरला वळचण नसते. रस्त्यावर धावणाऱ्या गोल अंड्याला ती देताही येत नाही. मग जी खिडकी उघडल्यावर स्वतःच स्वतःची वळचण होते, तीच आपल्या पावसाची खिडकी. अशा दोन समोरासमोर, एक बिछान्याच्या उंचीला आणि एक ओट्यापाशी. शिवाय टपात वर झाकणाचा झरोका, चौदा इंची चौकोनी, बाजारात सहज मिळणारा. गरम, दमट हवा वरून जाईल आणि ताजी खालून येईल. एक सावधगिरी मात्र हवी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. त्याला खिडकीचा उपयोग नाही, तळाशी वेगळी जाळी पाहिजेच.

पुढची मोठी काच? ती काढून टाका. ओढणाऱ्या गाडीच्या चाकांनी उडालेला खडा पहिल्यांदा तिलाच लागणार, म्हणून तिच्यावर फायबरचं झाकण बसवावं लागतं. प्रवासभर झाकलेला डोळा कशासाठी? एप्रिलच्या उन्हात मात्र ती काच आतल्या माणसाला भाजून काढेल.

राहिली सुटका. एस.टी.च्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. ट्रेलरला दार एकच, आणि बऱ्याचदा शेगडी त्याच्याजवळ. तिथंच पेट घेतला तर? अमेरिकेत अशा घराला बाहेर पडायची दुसरी वाट असावीच लागते. आपल्याकडं लोक चोराच्या भीतीनं पहिल्यांदा गज बसवतील. गज बसवा, पण मागच्या खिडकीचे गज आतून, किल्लीशिवाय उघडले पाहिजेत. रेल्वेच्या डब्यातसुद्धा एखादी खिडकी बिनगजांची ठेवतात, ती उगीच नाही.

आता शेवटचं बोलतो. 1714 साली लाइब्निट्झनं लिहिलं, की विश्वाचे मूळ घटक, ज्यांना आपण चिदणू म्हणतो, त्यांना खिडक्या नसतात. त्यांच्यात बाहेरून काही येत नाही, आतून काही जात नाही. वर्गात हे शिकवताना आम्ही बरीच वर्षं मान डोलावली. पण माणूस चिदणू नव्हे. तो श्वास टाकतो.

आणि चाकाबरोबर फिरणारं, तेरा फुटांएवढंच एक घर आपल्या शिवारात दर हंगामाला येतं. ऊसतोड कामगारांची कोपी. बीडकडून ही माणसं येतात, टायरगाडीवर संसार असतो. चार काठ्या, पाचट, वर ताडपत्री, वाकून आत जायचं दार. आत माणसं झोपतात, लेकरं झोपतात, पाऊस आला की चूलही आत येते. खिडकी नाही. ट्रेलरच्या खिडक्यांची आम्ही पाऊण तास चिकित्सा केली, पण कोपीच्या खिडकीचं चित्र घेऊन आमच्या दारात कधी कुणी आलं नाही. आणि खरं सांगायचं तर, कुणी यावं असं आम्हालाही कधी सुचलं नाही. तीस वर्षं त्या रस्त्यानं जाऊन-येऊन.

म्हणून पोरांना आमची एक सूचना. ट्रेलरचा साचा मोठा आहे, खर्चाचा आहे, त्याला वेळ लागेल. आधी नुसत्या खिडकीचा साचा करा. दीड फूट बाय दोन फूट, फायबरची चौकट, वर बिजागरी, आत जाळी, काठ्यांना बांधता येईल आणि हंगाम संपला की सोडवून गाडीवर टाकता येईल अशी. तुमच्या ट्रेलरचीही परीक्षा त्यात होईल, गळते का, उखडते का.

पण बनवायच्या आधी कोपीतल्या बाईला विचारा. रस्त्याकडेला राहणाऱ्या बाईला कदाचित उघडणाऱ्या खिडकीपेक्षा आतून लागणारी कडी जास्त हवी असेल. तिला वारा हवा पण कुणाची नजर नको, असंही असेल. वातायन पाहिजे, गवाक्ष नको. ते तिनं सांगायचं. तुम्ही-आम्ही चित्रावरून ठरवायला गेलो, तर ती पुन्हा फोटोतली खिडकी होईल.

पोरं मान हलवताहेत. परवा त्यांनी चित्रातली पुढची काच खोडली, हे आम्ही बघितलंय. दुसरं चित्र काढताहेत की नाही, ते पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर त्यांनाच विचारा.