विज्ञानकथेतील भविष्य आणि वऱ्हाडचा अनुभव : संभाव्यतेच्या निकषाचा पुनर्विचार

मराठी विज्ञानकथेची समीक्षा करताना एक प्रश्न प्रामुख्याने विचारला गेला आहे, तो म्हणजे कथेतील विज्ञान बरोबर आहे काय? असे घडणे स्वाभाविक होते. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या आश्रयाने हा वाङ्मयप्रकार वाढला. जयंत नारळीकरांनी १९७४ साली परिषदेच्या कथास्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठविली आणि १९७९ साली त्यांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला. नारळीकर विश्वरचनाशास्त्रज्ञ, तर बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले वैज्ञानिक. लेखकच शास्त्रज्ञ असल्याने निकषही शास्त्राचा लागला. कथेतील कल्पना ज्ञात नियमांशी विसंगत नसली की ती संभाव्य ठरत असे.

परंतु विज्ञानकथेत दोन गोष्टी कल्पिलेल्या असतात. एक यंत्र, आणि दुसरा त्या यंत्रासह जगणारा समाज. पहिलीची तपासणी कसोशीने झाली. दुसरी बहुधा पार्श्वभूमी म्हणून गृहीत धरली गेली. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अंगाचा विचार अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या अनुभवाच्या आधारे केला आहे. कापूस, रेल्वे आणि बियाणे या तीन वाटांनी दीडशे वर्षांत येथे 'भविष्य' अनेकदा येऊन गेले असल्याने हा प्रदेश अशा तपासणीस विशेष उपयुक्त आहे.

शक्य परंतु न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य असूनही पटणारी घटना कवीने पसंत करावी, असे अॅरिस्टॉटलचे मत होते. एच. जी. वेल्सच्या 'द टाइम मशीन' (१८९५) या कादंबरीचे सामर्थ्य याच तत्त्वात आहे. तिच्यातील कालयंत्र कसे चालते हे वाचकाला जवळजवळ कळतच नाही; पण श्रमिक आणि सुखवस्तू या दोन वर्गांची दरी रुंदावत जाऊन अखेर मनुष्यजातीच्याच दोन जाती होतात, ही परिणती तो तर्कशुद्ध रीतीने गाठतो. यंत्र अशक्य आणि समाज संभाव्य, असे तेथे घडते. मराठी विज्ञानकथेत पुष्कळदा याच्या उलट घडते.

नारळीकरांची 'हिमप्रलय' ही कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मुंबईवर बर्फ पडतो; हिमयुगाचा इशारा आधीच देणाऱ्या शास्त्रज्ञाकडे दुर्लक्ष झालेले असते; शेवटी अग्निबाणांच्या साहाय्याने वातावरणात सूक्ष्म कण सोडून उष्णता राखण्याची योजना आखली जाते. यातील वैज्ञानिक युक्तिवाद आजही विचार करायला लावतो आणि सत्ताधाऱ्यांची अनास्था लेखकाने नेमकी टिपली आहे. मात्र एकदा धोका पटल्यावर सारे जग एका दिलाने कामाला लागते, हा कथेचा सामाजिक कणा आहे, आणि तो हिमापेक्षाही अधिक कल्पित आहे.

वऱ्हाडातील कपाशीचा इतिहास येथे समोर ठेवावा. भारत सरकारने मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला मान्यता दिली. बोंडअळीला मारक ठरणारे प्रथिन झाडातच तयार व्हावे म्हणून जिवाणूचे जनुक कपाशीत घातले होते. तंत्र खरे होते आणि आरंभी ते प्रभावीही ठरले. दहा-बारा वर्षांत देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र बीटीखाली आले. परंतु या तंत्राला एक सामाजिक अट जोडलेली होती. ४५० ग्रॅमच्या बियाण्याबरोबर बीटी नसलेल्या सरकीचे १२० ग्रॅमचे छोटे पाकीट दिले जात असे आणि ते शेताच्या कडेने पेरायचे होते. त्या ओळींवर जगलेल्या साध्या पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर व्हावा आणि विषाला न जुमानणाऱ्या अळ्यांची पैदास लांबावी, असा त्यामागील हिशेब होता. तो जीवशास्त्रीय दृष्ट्या निर्दोष होता. मात्र दोन एकरांच्या धन्याने आपल्या जमिनीचा काही भाग अळीसाठी सोडावा, आणि त्याचा लाभ सर्वांना मिळावा, ही अपेक्षा त्यात होती. अनेकांनी ते पाकीट पेरलेच नाही. शिवाय हंगाम संपल्यावर चार पैसे हाती यावेत म्हणून फरदड घेतली जाई आणि त्यामुळे अळीला उन्हाळ्यापर्यंत खाद्य मिळत राही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीची बोंडे पोखरली, तेव्हा जनुकाची मात्रा चालेनाशी झाली होती.

या शेतकऱ्यांना अडाणी वा स्वार्थी ठरविणे सोपे आहे, पण ते योग्य नाही. कर्ज, पावसाचा लहरीपणा आणि पडते भाव यांच्या हिशेबात त्यांचा निर्णय सुसंगतच होता. 'हिमप्रलय'मध्ये सारी पृथ्वी एका योजनेत सामील होते. अकोल्याच्या शिवारात बांधालगतच्या पाच ओळींवरही एकमत झाले नाही. मनुष्यस्वभावाविषयी निराशा व्यक्त करणे हा या तुलनेचा हेतू नाही. सामूहिक कृतीची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न कथेत उपस्थितच होत नाही, एवढेच येथे दाखवायचे आहे.

'वामन परत न आला' (१९८६) या कादंबरीबाबत एक वेगळी गंमत लक्षात येते. स्वतःची प्रतिकृती स्वतःच निर्माण करू शकणारे यंत्र माणसाच्या ताब्यातून सुटेल, हे तिच्यातील भय आहे. वऱ्हाडात मात्र नव्या तंत्राने माणसाला बांधले ते नेमक्या उलट गुणधर्माने. भारतात बीटी कपाशी मुख्यतः संकरित वाणांतून आली. संकरित वाणाची घरची सरकी पुढच्या वर्षी तसेच पीक देत नाही; म्हणून दर मृगापूर्वी कृषी केंद्राच्या दारात उभे राहणे आले. कथेतील यंत्र भय घालते ते स्वतःला जन्म देते म्हणून. बियाणे परावलंबी करते ते तसा जन्म देत नाही म्हणून. तंत्राची मालकी कोणाकडे, हा प्रश्न विज्ञानकथेने यंत्राच्या बंडापेक्षा अधिक गांभीर्याने घ्यावयास हवा होता.

मालकीचाच धागा 'गंगाधरपंतांचं पानिपत' या कथेपर्यंत जातो. पानिपतावर विश्वासराव वाचले, मराठे जिंकले, आणि म्हणून विसाव्या शतकातही ईस्ट इंडिया कंपनी मुंबईपुरती उरली, असा पर्यायी इतिहास तीत आहे. स्वतंत्र देशात परकीय कंपनीची आगगाडी, हे चित्र पुण्या-मुंबईच्या वाचकाला चमत्कारिक वाटले असेल. मूर्तिजापूरच्या वाचकाला ते तसे वाटण्याचे कारण नव्हते. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही अरुंदमापी 'शकुंतला' किलिक-निक्सनने उभारलेल्या खासगी कंपनीची होती. स्वातंत्र्यानंतर इतर रेल्वेंचे राष्ट्रीयीकरण झाले तरी ही सुटून राहिली. तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. पर्यायी विश्व गाठण्यासाठी येथे अपघाताची गरज नव्हती, तिकीट पुरेसे होते. भविष्य सर्वत्र एकाच वेळी येत नाही आणि भूतकाळही एकाच वेळी संपत नाही, ही जाणीव विज्ञानकथांतील चकचकीत, एकजिनसी भविष्यांत क्वचितच आढळते.

याच कथेतील सामाजिक गृहीतक अधिक चर्चा मागते. विजयी पेशवे युरोपातील तंत्रयुगाची चाहूल ओळखून विज्ञानकेंद्रे काढतात आणि विसाव्या शतकात देश लोकशाहीकडे वळतो, हा सारा प्रवास मोजक्या ओळींत आटोपतो. आपत्तिसिद्धान्त व पुंजवादातील अनिश्चितता गोष्टीरूपाने सांगणे हे कथेचे प्रयोजन असल्याने तिच्याकडून समाजशास्त्राची अपेक्षा करणे काहीसे अन्यायाचे होईल, हे मान्य करावे लागेल. तरीही पेशवाईतील जातिव्यवस्थेचे पुढे काय झाले, हे कथा सांगत नाही. विश्वासरावांची गोळी चुकली म्हणून पाणवठे खुले होत नाहीत. प्रत्यक्ष इतिहासात सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन व्हावा लागला. अमरावतीत १९२७ साली अंबादेवी मंदिर प्रवेशाचा लढा उभा राहिला. १९३२ साली पंजाबराव देशमुखांनी बहुजनांच्या शिक्षणासाठी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. ही माणसे आणि हे संघर्ष वगळून लोकशाही आपोआप येते, असे मानणारा पर्यायी इतिहास भौतिकशास्त्राच्या कसोटीला उतरला तरी समाजाच्या कसोटीला अपुरा पडतो.

तथापि तंत्र म्हणजे वरून लादलेली आपत्ती आणि शेतकरी म्हणजे केवळ तिचा बळी, असे दुसऱ्या टोकाचे चित्रही वऱ्हाड मान्य करीत नाही. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी सरकारमान्यता नसलेली तणनाशक-सहनशील कपाशी उघडपणे पेरली. येथे शेतकरी भविष्याला भीत नव्हता. कायदा मोडून ते मागत होता. मजुरीचा वाढता खर्च आणि वेळेवर मजूर न मिळणे ही त्याची अडचण खरी होती. विज्ञानकथेतील ग्रामीण माणूस बहुधा यंत्र पाहून थक्क होतो. असा मागणी करणारा, तंत्राच्या जोखमीचा हिशेब स्वतः मांडणारा माणूस तिच्यात आला तर भविष्याचे चित्रच बदलेल.

पण हाच प्रसंग आणखी एका दिशेने पाहावा लागतो. कपाशीचे निंदण हे वऱ्हाडात मुख्यतः बायांचे काम. तणनाशक फवारून तण मरत असेल तर शेतमालकाची मजुरी वाचते आणि तेवढीच मजुरी कोणाच्या तरी घरी येत नाही. रुकैया सखावत हुसेन यांच्या 'सुलतानाज ड्रीम' (१९०५) या कथेत स्त्रियांनी चालविलेले विद्यापीठ फुग्याच्या साहाय्याने ढगांतून पाणी मिळविते आणि दुसरे सूर्याची उष्णता साठविते. शेती विजेवर होते, आणि पुरुष पडद्याआड जातात. त्या यंत्रांची शास्त्रीय बाजू लंगडी आहे. मात्र नव्या तंत्रामुळे घरातले आणि शेतातले श्रम कोणाकडून कोणाकडे जातील, हा प्रश्न एका बंगाली लेखिकेने त्या काळी थेट विचारला. येथे विचारात घेतलेल्या मराठी कथांतील नायक प्रयोगशाळेत, ग्रंथालयात वा मंत्रालयात वावरतात. सकाळी विळा घेऊन दुसऱ्याच्या शेतात जाणारी आणि यंदा बोलावणे न आल्याने घरीच थांबलेली बाई त्यांच्या भविष्यात अद्याप आलेली नाही.